आमच्या वाडीचा वाघ

दाजी डोंगरापासून बिडी लपवतात.

तुम्हाला वाटेल मी फेकतोय. नाही हो. फोंडाघाटच्या बाजारात माझं औषधाचं दुकान आहे. दुकानाच्या मागे पाण्याची टाकी आहे आणि टाकीला लागून पत्र्याचा आडोसा. रोज सकाळी सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ त्या आडोशाला जाऊन उकिडवा बसतो, बिडी मुठीत झाकून ओढतो, धूर मान खाली घालून जमिनीकडे सोडतो. मग तोंड धुऊन, बडीशेप चघळत, साळसूदपणे पुढे येतो आणि बाकावर बसतो. सुरुवातीला मला वाटलं, घरच्यांचा धाक असेल. पण दाजींना मूलबाळ नाही. घरी धाक दाखवायला एक बोका तेवढा आहे, आणि तोही भित्रा.

एकदा न राहवून विचारलं, "दाजी, तुमी हंय कोणाक भियातास?"

"हळू बोल रे मालवण्या!" दाजी कुजबुजले. "वरसून दिसता."

"कोणाक दिसता?"

त्यांनी टाकीच्या कडेनं जरासं डोकं बाहेर काढलं आणि हनुवटीनं पूर्वेला खूण केली. पूर्वेला काय, अख्खा सह्याद्री! आणि त्यात बरोब्बर समोर धुपाचा माथा.

मी मूळचा मालवणचा. समुद्राच्या माणसाला डोंगराचं कौतुक ते किती असणार? सासऱ्यांना मुलगा नव्हता, त्यांचं दुकान सांभाळायला म्हणून इथे आलो आणि घरजावई होऊन बसलो. सकाळची फडफडीत मासळी सुटली आणि नजरेसमोर हा माथा आला. खालपासून वरपर्यंत रान, इतकं दाट की भर उन्हातही काळं दिसतं. पहाटे टोकावर ढगाची वळकटी बसते, ती धुपाच्या धुरासारखी, म्हणून धुपाचा माथा. आता तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. झाड तोडायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मला हे नियम फार आवडतात, कारण मला पाऊल टाकायचंच नसतं.

दाजींचं तसं नाही. दाजी त्या माथ्याला 'तो' म्हणत नाहीत, 'ते' म्हणतात. "आज तेंनी टोपी घातल्यानी हा, दुपारी पाऊस येतलो." "आज ते उघडेबोडके बसलेत, भात सुकत घालूक हरकत नाय." अंगणात पाऊल टाकण्याआधी सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावतात. गुडघ्यांनी कधीचा दगा दिलाय, पाय लांब केल्याशिवाय बसवत नाही. पण माथ्याकडे पाय करायचे म्हणजे महापाप. म्हणून ते माझ्या बाकावर आडवे वळून बसतात आणि पाय थेट माझ्या दुकानात सोडतात. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस दाजींच्या पायात अडखळतो आणि मलमपट्टी घेऊन जातो. धंद्याला वाईट नाही म्हणा!

"दाजी, डोंगराक काय कळता?" मी वैतागून म्हणायचो.

"तसा नाय रे. तेंका काय वाटतला?"

हे त्यांचं पालुपद. एकदा आबा गावकरांशी कुंपणावरून जुंपली. आबा म्हणजे वाडीचे मानकरी, देवळात वाडीच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारे, आवाज कसा दणदणीत! भर बाजारात दोघे एकमेकांच्या अंगावर आलेले. एवढ्यात दाजींची नजर वर गेली. त्यांनी आबांचा हात धरला, त्यांना ओढत माझ्या टाकीमागे नेलं, तिथे त्यांच्या सात पिढ्यांचा मनसोक्त उद्धार केला, आबांनीही तो व्याजासकट परत केला, आणि मग दोघे सभ्य माणसांसारखे बाहेर आले. आबा जाताना मला म्हणाले, "येडो आसा. पण माणूस बरो."

दाजींची बायको भामाकाकी. मी इथे आलो तेव्हा होती. ठेंगणी, काटक आणि जिभेला धार. तिचं माहेर माथ्याच्या खांद्यावर, वरची वाडी म्हणून चार घरं होती तिथलं. उद्यान झालं तेव्हा त्या घरांना खाली यावं लागलं. कोणी घाटावर गेलं, कोणी मुंबईला. काकीचे आईबाप त्याच्या आधीच गेले होते, एक भाऊ होता तोही पुढे गेला. काकीला माहेर म्हणून उरलं ते समोरचं काळं रान. उन्हाळ्यात ती ओट्यावर बसून सांगायची, "ता पिवळा दिसता मां, तो आमचो भावो," म्हणजे बहाव्याचं झाड. मला कधीही काही पिवळं दिसलं नाही. मी हो म्हणायचो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात काकी गेली. साधा ताप, आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. औषधं माझ्याच दुकानातली होती, त्यामुळे मला अजून चुटपुट लागते. दाजी रडले नाहीत. बाराव्याला आचाऱ्याला वड्यांवरून झापत होते. बायका म्हणाल्या, काय दगड माणूस! मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता वाघाचं सांगतो.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे वाघबारस येते. रानातल्या वाघानं गुरांना हात लावू नये म्हणून गवळदेवाला जेवण घालायचं. गवळदेव म्हणजे माथ्याच्या वाटेवर, एका आंब्याखाली मांडलेले धोंडे. तिथे फक्त पुरुष जातात, पुरुषच भात नि उसळ रांधतात, आणि ती तशीच होते. आता देव उद्यानाच्या हद्दीत आणि आत विस्तवाला बंदी, म्हणून चूल हद्दीबाहेर पेटवून टोपं खांद्यावरून आत न्यायची. जेवणाआधी एका माणसाला वाघ करतात. अंगावर कोळशाचे नि चुन्याचे पट्टे, कमरेला घोंगडी. तो डरकाळी फोडतो, बाकीचे "वाघ पळालो रे, वाघ पळालो!" ओरडत त्याला रानात पिटाळतात, ते पुढच्या एका उभ्या धोंड्यापर्यंत. धोंड्यापलीकडे कोणी जायचं नाही. पलीकडची हद्द वाघाची. वाघ एकटा वर जातो, झऱ्यावर पट्टे धुतो आणि पानं वाढेपर्यंत माणूस होऊन परत येतो.

गंमत म्हणजे त्याच धोंड्याशेजारी सरकारनं 'प्रवेश निषिद्ध'ची पाटी लावलीय. नवीन गार्ड आला तेव्हा आबांनी त्याला भीत भीत विचारलं, आमच्या वाघाला पलीकडे सोडाल का? गार्ड घाटावरचा, हसरा. म्हणाला, "अहो, राष्ट्रीय उद्यानात वाघाला बंदी घातली तर माझी नोकरी जाईल."

तर गेली कित्येक वर्षं वाघ म्हणजे दाजी. तरुणपणी म्हणे त्यांची डरकाळी बाजारात ऐकू यायची. मी पाहिलेला वाघ मात्र वेगळा. पट्ट्यांच्या खाली गुडघ्यांना माझ्याच दुकानातले इलॅस्टिकचे पट्टे. आणि डरकाळी फोडण्याआधी वाघ माझ्याकडे यायचा, पाठ फिरवून कवळी काढायचा आणि रुमालात बांधून माझ्या हातात द्यायचा. एका वर्षी डरकाळीबरोबर कवळी उसळीच्या टोपात पडली होती, तेव्हापासून ही व्यवस्था. अख्ख्या सह्याद्रीत वाघाचे दात खिशात घेऊन फिरणारा माणूस मी एकटाच असेन.

दोन वर्षांपूर्वी मात्र घोटाळा झाला. वाघ वर गेला तो येईचना. भात गार झाला, पोरं भुकेली झाली, तिन्हीसांजेच्या आत हद्द सोडायचा नियम, गार्ड घड्याळ बघतोय. शेवटी दाजी लंगडत आले. सगळे हसले, "वाघ निजलो काय रे?" दाजी माझ्याकडून कवळी घेऊन पानावर बसले.

म्हणून पुढच्या वर्षी देवळात बैठक बसली तेव्हा आबांनी विषय काढला. "दाजी, आता वाघ बदलूया. तरण्याक करूया. तुझी ढोपरां ऱ्हवली नाय."

दाजी ताडकन उठले, म्हणजे उठायचा प्रयत्न केला. "वाघ काय निवडणुकीक उभो ऱ्हवता, बदलूक? मी मरासर वाघ!"

"अरे, पण वर पडलंस बिडलंस तर उचलूक कोण येतलो? धोंड्याफुडे आमका जावक गावना नाय."

"नको येव. माका जावक गावला म्हणजे झाला."

रागानं निघून गेले. दोन दिवस बाकावर आले नाहीत. टाकीमागचा धूरही बंद. तिसऱ्या दिवशी आले, पाय दुकानात न सोडता उभेच राहिले. "मालवण्या, ढोपराक जोरदार कायतरी दी. घोड्याक देतत तसा."

"दाजी, सोडा आता. कित्याक हट्ट करतास? वाघ दुसरो कोणय होयत."

"दुसरो वाघ झालो तर माका धोंड्याफुडे जावक गावतला?"

"नाय."

"मगे?" एवढंच म्हणाले. डोळे लाल होते. माझ्या हाताला हात लावून म्हणाले, "एक वर्स रे. आबाक सांग. ह्याच एक."

दाजींनी मला कधी काही मागितलं नव्हतं. मलम मागतात, पण पैसे देऊन. मी आबांकडे गेलो, गळ घातली. आबा कुरकुरत कबूल झाले, पण अट घातली, शेवटचं वर्ष, आणि काही झालं तर जबाबदारी माझी.

वाघबारशीला मी धापा टाकत गवळदेवापर्यंत चढलो. वाटेत जळवा, काटे, घाम. जन्मभर सपाट पुळणीवर चाललेला माणूस मी! दाजींना रंगवलं, कवळी माझ्या खिशात आली, डरकाळी झाली. डरकाळी कसली, दमेकऱ्याचा खोकला. पण सगळे ओरडले, "वाघ पळालो!" आणि दाजी एका हातानं घोंगडी, दुसऱ्या हातानं काखेतली पिशवी सावरत धोंड्यापलीकडे झाडीत दिसेनासे झाले. वाघाला पिशवी कशाला हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

भात आला, उसळ आली, पानं मांडली. वाघ नाही. आबांनी हाका मारल्या. उत्तर नाही. सगळे धोंड्याशी येऊन थांबले, पुढे पाऊल टाकायला कोणी तयार नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू जा," आबा म्हणाले. "तू मालवणचो. आमच्या देवाक तू म्हायत नाय, तो तुझ्यार कोपाचो नाय."

काय युक्तिवाद आहे बघा! गार्डनं मान डोलावली, म्हणाला, "जा, पण लवकर या." गेलो. पायवाट अशी नव्हतीच, पण घोंगडीनं गवतातून ओढलेली रेघ दिसत होती. झरा लागला. झऱ्याच्या वरच्या अंगाला झाडी जरा विरळ झाली आणि मला बोलणं ऐकू आलं. दात नसलेल्या माणसाचं बोलणं, पण मला त्याची सवय आहे.

एक जुनं जोतं होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, जोत्यातून एक झाड उगवून चांगलं उंच गेलेलं. समोरचं अंगण मात्र लख्ख झाडलेलं. जोत्याच्या पायरीच्या खाली, जमिनीवर, दाजी पाय जवळ घेऊन बसले होते. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटण, आणि कानामागे राहून गेलेला चुन्याचा एक पट्टा.

"भामा बरी आसा," दाजी पायरीला सांगत होते. "खाता, पिता, माझ्यार वराडता. ढोपरां दुखतत तिची, म्हणान औंदाय येवक गावला नाय. तुमची सय काढता. भावो फुललो म्हणान दाखयता सगळ्यांका." मग जरा थांबून, खाली बघत, "आणि बिडी मी सोडलंय."

मी एक पाऊल पुढे टाकलं. पायाखाली काटकी मोडली. दाजी वळले. मला वाटलं चिडतील. ते एखाद्या पोरासारखे घाबरले.

"दाजी," मी म्हटलं, "काकी तर..."

"गप!" त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "तेंका म्हायत नाय."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. ते माझ्या कानाशी बोलू लागले, अगदी हळू. लग्नात भामाच्या आईनं त्यांचे हात धरले होते. पोर खाली द्यायला म्हातारी तयार नव्हती. खालची माणसं आमच्या पोरीला नीट बघतील का, म्हणाली. तेव्हा दाजींनी शब्द दिला, वर्षातून एकदा येऊन तुमचं चेडू, म्हणजे तुमची लेक, कशी आहे ते सांगीन. "म्हातारी गेली, तरी येय होतंय. मेवणो घर सोडून गेलो, तरी येय होतंय. उद्यान झाला, वाट बंद झाली. मगे वाघ होवन येवक लागलंय."

"पण खरा सांगूक नाय तुमी?"

"कोणाक सांगू?" दाजींचा आवाज फुटला. "तेंच्यातला एक जरी माणूस जितो आसता तर पाय धरून सांगललंय. ह्या धोंड्यांका काय सांगू? तेंनी माझ्या भरवशार चेडू दिल्यानी, आणि मी ता सांभाळूक नाय म्हणान?"

घरजावई माणूस मी. सासुरवाडीचा धाक रोजचा आहे माझा. पण सासुरवाडीची माणसं संपली, घर संपलं, तरी एवढा धाक आणि एवढी माया बाळगणारा जावई मी पाहिला नव्हता. बटण, बिडी, पाय, ती टोपी, सगळं एकदम समजलं. मी सरळ रडलो. दाजींनीच माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "दात दी माजे. आणि खाली कोणाक बोला नको."

मी शब्द दिला. पण मालवणच्या माणसाच्या पोटात काही राहतं का? मी फक्त आबांना सांगितलं. आबांनी फक्त बायकोला सांगितलं. त्यामुळे आठ दिवसांत सगळ्या वाडीला कळलं आणि कोणीही कोणाला कळल्याचं दाखवलं नाही.

वर्ष गेलं. यंदा पुन्हा बैठक बसली. आबांनी तांदूळ किती, टोपं कोणाची, सगळं विचारलं आणि "वाघ आसाच," म्हणून पुढच्या विषयाला गेले. शेवटचं वर्ष हा शब्द कोणी काढला नाही. दाजी सगळ्यांच्या तोंडाकडे संशयानं बघत राहिले.

गवळदेवापुढे आबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आमच्या गुराढोरांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आणि आमच्या वाघाच्या ढोपरांका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गार्डसुद्धा ओरडला.

मग वाघ पळाला. पळाला म्हणजे चालला. आणि त्याच्या मागून अख्खी वाडी, धट्टीकट्टी माणसं, पावलापावलानं, दमल्यासारखं करत, "वाघ पळालो, वाघ पळालो!" एक तरणा जरा पुढे गेला तर आबांनी त्याचा सदरा धरून मागे खेचला. धोंड्याशी सगळे थांबले. आबांनी काखेतून केळीच्या पानाचं पुडकं काढलं आणि दाजींच्या हातावर ठेवलं.

"लाडू आसत. भामान धाडल्यान म्हणान सांग वर."

दाजी बघतच राहिले. पुडक्याकडे, आबांकडे, मग माझ्याकडे. मी पाटीवरची सरकारी अक्षरं वाचत होतो. दाजींचे ओठ हलले, पण दात माझ्या खिशात होते. ते पुडकं छातीशी धरून वर गेले.

यंदा कोणी पानं मांडायची घाई केली नाही. बऱ्याच वेळानं दाजी आले. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. डोळे सुजलेले. काकीच्या बाराव्याला न रडलेला माणूस आत्ता कुठे रडून आला होता. मी रुमाल पुढे केला. त्यांनी कवळी बसवली आणि आबांसमोर जाऊन बसले.

"गूळ वायच कमी पडलो," दाजी म्हणाले.

"कोण म्हणता?"

"ते. भामाच्या हातचे लाडू न्हयत ह्या तेंनी लगेच वळाखल्यानी."

कोणी घास उचलला नाही. आबांनी हळूच विचारलं, "मगे?"

"मगे काय. सांगलंय सगळा." दाजींनी बाहीनं डोळे पुसले. "तेंनी काय एक शबूद वायट बोलूक नाय रे. उलटे माकाच म्हणतत, तू जेवतंस मां?"

मग त्यांनी पान पुढे ओढलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. भात कालवता कालवता मी हळूच विचारलं, "आणि बिडीचा?"

दाजींनी एकदा वर बघितलं आणि माझ्या कानाशी आले.

"ता फुडल्या वर्साक," म्हणाले.